वाचकांचे प्रश्न: तीन भावंडं, एक गाडी आणि पेडणे ते काणकोण

गेल्या अंकात थोडक्या पैशांत, स्वतःच्या हिमतीवर उभ्या राहणाऱ्या मराठी सिनेमावर आम्ही लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत प्रवासाच्या सिनेमाची पत्रं अर्ध्याहून जास्त निघाली. बहुतेक संहितांत गाडी आहे, भावंडं आहेत आणि वाटेत उकरून निघणारं जुनं भांडण आहे. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यावरच.

प्रश्न (पेडणे): आमची गोष्ट दोन भाऊ आणि एका बहिणीची. वडील वारल्यावर काणकोणातलं जुनं घर विकायला ती पेडण्याहून निघतात. संहिता १०५ पानांची, त्यातली ७० पानं चालत्या गाडीत. पण पेडणे ते काणकोण तीन तासांचीच वाट. सिनेमा ताणायचा कसा?

ताणू नका. गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर, हे इथला प्रत्येक प्रेक्षक जाणतो. लांबच लांब रस्त्याचे देखावे जोडून त्याला फसवता येणार नाही. तुमची खरी अडचण ती ७० पानं आहे. संहितेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. सव्वा तास तीन माणसं पुढे बघत बोलताहेत, ही शिक्षा आहे. गाडीतली पानं २५-३० वर आणा. प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारा: गाडी थांबली असती तर यातलं कोण उतरून गेलं असतं? कुणीच नाही, असं उत्तर आलं तर तो प्रसंग चहाच्या गाड्यावर, पेट्रोल पंपावर किंवा फेरीबोटीच्या धक्क्यावर न्या. चालत्या गाडीत तेवढंच ठेवा, जिथे माणसाला उठून जायचंय आणि जाता येत नाही.

आता तिघंही का निघाली? थोरल्याने एकट्याने जाऊन सही का केली नाही? इथे गोव्याचा कायदा तुमच्या मदतीला येतो आणि संहितेत तो कुठेच दिसत नाही. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेले वारसाहक्काचे नियम चालतात. आता ते उत्तराधिकार, विशेष नोटरी (असे दस्त करणारा सरकारी अधिकारी) आणि इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीची प्रक्रिया) यांविषयीच्या २०१२ च्या राज्य कायद्यात आहेत आणि तो डिसेंबर २०१६ पासून लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक मानली जाते. म्हणजे वडील गेल्यावर अर्धा हिस्सा आईचा आधीपासूनच असतो, उरलेला अर्धा मुलग्यांना आणि मुलींना सारखा. मृत्युपत्र केलं तरी वडिलांना स्वतःच्या हिश्श्याचा अर्धाच मनाप्रमाणे देता येतो. आणि घर विकायचं तर विवाहित भावंडाच्या जोडीदाराचीही सही लागते.

म्हणजे संहितेत एक माणूस कमी आहे. थोरल्याची बायको गाडीत नाही, तर तिची सही कुठून येणार, हे गोव्यातला प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत विचारेल. तिला गाडीत घ्या, नाहीतर तिचं कुलमुखत्यारपत्र थोरल्याच्या फाईलमध्ये ठेवा आणि ते सगळ्यांना उशिरा कळू द्या. बहिणीने विशेष नोटरीसमोर हक्क सोडावा म्हणून दोघे भाऊ तिला घेऊन चाललेत, असं केलंत तर गोष्टीला घड्याळ मिळतं, कारण कार्यालय संध्याकाळी बंद होतं. चित्रीकरणाआधी ही पानं इथल्या वकिलाला दाखवा. मुंबईच्या वकिलाला नको, तिथला कायदा वेगळा आहे.

वाटही बदला. महामार्गाने गेलात तर दोन मोठे पूल आणि मडगावचा बगलरस्ता, एवढंच दिसेल. साखळी, उसगाव, सावर्डे, केपे, बाळ्ळी असं आतून न्या आणि शेवटी करमल घाट. थोरला आतल्या रस्त्याने का निघाला, याला कारण मात्र हवं. त्याला पोचायचंच नाहीये, हे चांगलं कारण आहे.

प्रश्न (म्हापसा): एक कॅमेरा, एक जुनी हॅचबॅक गाडी, पाच जणांची टोळी. गाडीतले प्रसंग कसे घ्यायचे? नट स्वतः गाडी चालवू शकतो.

चालवू शकतो, पण संवाद म्हणताना त्याने वाहत्या रस्त्यावर चालवू नये. अभिनय करणाऱ्याचं लक्ष आरशात नसतं. गाडी वर चढवून ओढायचा सखल ट्रेलर मुंबईहून मागवावा लागतो आणि तो तुमच्या खर्चात बसणार नाही. मग गाडीतल्या संवादांचा मोठा भाग उभ्या गाडीत घ्या आणि थोडाच भाग खऱ्या रस्त्यावर, बंदोबस्तात, ताशी २०-३० किलोमीटरने.

उभ्या गाडीसाठी रात्र सगळ्यात सोपी. मोकळ्या जागेत गाडी लावा. एकाने बंपरखाली लाकडी दांडा घालून गाडी हलकीशी डोलवायची, सारखी नाही, अधूनमधून. दुसऱ्याने एक दिवा पुढून मागे फिरवायचा, म्हणजे समोरून वाहन गेल्यासारखं वाटतं. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी पिवळसर दिवा डोक्यावरून ठरावीक अंतराने नेतात. खिडकीबाहेर पूर्ण काळोख हवा; लांबचा एक स्थिर दिवा दिसला की खेळ संपला.

दिवसा उभ्या गाडीत घ्यायचं तर खिडकीबाहेर हलती पार्श्वभूमी लागते. ती आधी वेगळी घेऊन ठेवा: सरळ मागे, दोन्ही बाजूंना तिरकं मागे आणि दोन्ही बाजूंना आडवं. प्रत्येक कोन किमान पाच मिनिटं, कॅमेरा बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर, फ्रेम रेट (सेकंदाला किती चौकटी) सिनेमाचाच. पार्श्वभूमी थोडी धूसर ठेवा. कडक दिसली की नकली वाटते.

खऱ्या रस्त्यावर बॉनेटवर कॅमेरा लावायचा तर तीन ठिकाणी पकड हवी, शिवाय सुरक्षेचा पट्टा वेगळा. कॅमेरा धरणारे, हवा काढून चिकटणारे सक्शन कप लावण्याआधी पत्रा अल्कोहोलने पुसा. आपल्याकडची खारी दमट हवा आणि लाल धूळ मिळून पत्र्यावर जो थर बसतो, त्यावर कप धरल्यासारखा वाटतो आणि दहा मिनिटांत सुटतो. उन्हात तापलेल्या पत्र्यावरही तेच. पंपाच्या कपावर लाल रेघ दिसू लागली की हवा शिरतेय. थांबून पुन्हा पंप करा. रेघ दिसो न दिसो, दर अर्ध्या तासाने गाडी थांबवून तपासायचंच.

पुढच्या काचेत आकाश आणि माड दिसतात, त्यावर पोलरायझर, म्हणजे प्रतिबिंब कमी करणारा फिल्टर. त्याने दीड ते दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तो हिशेबात धरा. प्रतिबिंब सगळं घालवू नका, काचच नाही असं वाटतं. डॅशबोर्डवर काळं कापड टाका, निम्मा त्रास त्यानेच जातो. बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा तीन-चार स्टॉप जास्त असतो. बाजूच्या काचांवर एनडी जेल (उजेड कमी करणारी राखाडी फिल्म) लावलंत तर तो आटोक्यात येतो, पण काम संपताच काढा. काळ्या काचांची गाडी पोलीस अडवतात आणि अर्धा दिवस जातो.

उन्हाचं एक गणित. पेडण्याच्या गोष्टीसारखी गाडी दक्षिणेला चालली असेल, तर सकाळचं ऊन डावीकडून, शेजारी बसलेल्या बहिणीच्या तोंडावर, आणि दुपारनंतर उजवीकडून, चालवणाऱ्याच्या तोंडावर. सकाळचा प्रसंग संध्याकाळी उरकायची वेळ आली तर गाडी उत्तरेकडे न्या. मावळतीचं ऊन डावीकडून येईल आणि सकाळ म्हणून खपेल. रस्त्याचे फलक तेवढे चौकटीत येऊ देऊ नका. काजूच्या आणि माडांच्या सावलीतून जाताना चेहऱ्यावर ऊन-सावली धावते. न बोलता बसलेल्या माणसावर ती सुरेख दिसते, संवादाच्या तुकड्यांत मात्र जोड बसत नाही. संवाद पूर्ण सावलीत किंवा पूर्ण उघड्यावर घ्या.

प्रश्न (फोंडा): आमच्या लघुपटात गाडीतला आवाज इतका खराब आला की सगळं डब करावं लागलं. या वेळी ते टाळायचंय.

गाडीत आवाज बिघडतो तो बहुधा यंत्रामुळे नाही, गाडीतल्या बारक्या वस्तूंमुळे. आधी गाडी रिकामी करा: कप्प्यातली नाणी, आरशाला लटकवलेली माळ, दारातल्या बाटल्या, स्टेपनीजवळचा जॅक. सीट करकरत असेल तर तिच्या रुळांना वंगण.

प्रत्येक नटाला वेगळा लेपल माईक (कपड्याला लावायचा) आणि प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक. आपल्या गाड्यांत चालवणाऱ्याचा सीटबेल्ट उजव्या खांद्यावरून येतो, म्हणून त्याचा माईक डावीकडे, शेजारच्याचा उजवीकडे. बेल्टखाली माईक गेला की प्रत्येक श्वासाला खसखस. जोडीला दोन माईक सन व्हायजरच्या मागे चिकटवा. पुष्कळदा शेवटी तेच वापरले जातात. रेकॉर्डर डिकीत, आणि आवाज घेणारा माणूस मागच्या सीटपुढे पायांच्या जागेत आडवा. अवघडतो, पण मागच्या गाडीत बसून वायरलेसवर भरवसा ठेवण्यापेक्षा हे बरं. करमल घाटाच्या दोन वळणांत सिग्नल जातो.

एसी बंद, काचा वर. मे महिन्यात याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. कॅमेरा सुरू होईपर्यंत एसी पूर्ण जोरात ठेवा, मग बंद करून घ्या. चार-पाच मिनिटांवर टेक नेऊ नका, घाम दिसायला लागतो आणि काचेला वाफ धरते. टेक झाला की चारही दारं उघडा.

रस्ता आधी ऐकून निवडा. काँक्रीटवर टायर गुणगुणतात, नव्या डांबरावर सगळ्यात कमी. वेग ठरला की तोच धरा आणि गियर बदलू नका, नाहीतर संकलनात दोन टेक जोडताना इंजिनाचा सूर बदलतो.

भावंडं एकमेकांचं तोडून बोलतात. तसं बोललं नाही तर ती भावंडं वाटत नाहीत. तिघं एकत्र दिसतात त्या शॉटमध्ये मनसोक्त तोडू द्या. एकेकाच्या जवळच्या शॉटमध्ये मात्र समोरच्याचं वाक्य संपल्यावरच बोलायचं. ती टक्कर नंतर संकलनाच्या टेबलावर घडवता येते. नटांना हे दोन वेगळे नियम सकाळीच सांगा, ऐन वेळी सांगितलंत तर गोंधळ होतो.

निघण्याआधी अर्धा तास फक्त आवाजांसाठी ठेवा. चारही दारं वेगवेगळी लावल्याचे, हँडब्रेक, इंडिकेटर, बेल्टचं कुलूप, वायपर कोरडा आणि ओला. इंजिन उभ्या गाडीत, मग २०, ४० आणि ६० च्या वेगाला, प्रत्येकी तीन मिनिटं. आणि सगळे गप्प बसलेले असताना गाडीच्या आतलं एक मिनिट. डबिंगची वेळ आलीच तर याच गोष्टी वाचवतात.

गावात उभ्या गाडीत घेत असाल तर पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या फेरीची वेळ विचारून ठेवा. त्याच्या भोंग्याचा पोंपों एका टेकमध्ये असला आणि दुसऱ्यात नसला की तुकडा गेला. खरं तर तो पोंपों मुद्दाम स्वच्छ मुद्रित करून ठेवावा, गावात शिरल्याचं त्याहून स्वस्तात कळवता येत नाही.

प्रश्न (डिचोली): आमचे नट जत्रेतल्या नाटकांतले, नाट्यस्पर्धेतले. कॅमेऱ्यापुढे चालतील का?

उत्तम चालतील. पाठांतर पक्कं असतं आणि दहाव्या टेकलाही थकत नाहीत. अडचण एकच: जत्रेत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय. गाडीत ते दोन फुटांवरच्या माणसाशी बोलतात आणि मंडपाला ऐकू येतं. "हळू बोला" म्हणून काही होत नाही, मग ते पुटपुटतात. तालीमच गाडीत घ्या, काचा वर करून, हातात काहीतरी काम देऊन: शेंगा सोलणं, कागद लावणं, चार्जर शोधणं. आवाज आपोआप उतरतो.

चालवणाऱ्याची नजर वेगळी बसवावी लागते. उभ्या गाडीत नट रस्ता विसरतो आणि बहिणीकडे टक लावून बोलत राहतो. प्रेक्षकाचं लक्ष संवादावरून उडून अपघाताकडे लागतं. नजर वळवली तर एक-दीड सेकंद, पुन्हा समोर. आरशात बघणं, वळणाआधी वेग कमी करणं, हे तालमीत क्रमाने ठरवून ठेवा. भांडणाचं सगळ्यात कडवट वाक्य समोर बघतच म्हणू द्या. गाडीतल्या प्रसंगाची ही एक मोठी सोय आहे, डोळ्याला डोळा न देता माणसं खरं बोलतात.

आणि संहितेतली "तू माझा सख्खा भाऊ असून" छापाची वाक्यं काढा. नातं सांगायला दादा, ताई एवढं पुरे. भावंडांना माहीत असलेली गोष्ट ती एकमेकांना सांगत नाहीत, अर्धी बोलून सोडून देतात.

प्रश्न (साखळी): परवानग्या कुणाकुणाच्या लागतात? चोर्ला घाट आणि फेरीबोट दोन्ही हवीत.

सुरुवात पणजीच्या एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवा, म्हणजे ईएसजीपासून. राज्यातल्या चित्रीकरणाचं काम तिथून चालतं. पण त्यांच्या कागदावर सगळं भागत नाही. गावात पंचायत, रस्ता अडवायचा तर वाहतूक पोलीस, फेरीबोटीसाठी नदी परिवहन खातं. चोर्ल्याच्या बाजूला म्हादई अभयारण्य आणि मोलेच्या बाजूला भगवान महावीर अभयारण्य. रस्ता सोडून झाडीत पाऊल टाकलंत की वनखातं. तांबडी सुर्लाचं मंदिर आणि जुन्या गोव्यातली मोठी चर्च पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. त्यांचे अर्ज वेगळे आणि वेळखाऊ, तेव्हा महिना-दीड महिना आधी लागा. ड्रोन उडवायचा असेल तर डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघा. दाबोळी नौदलाचा तळ आहे आणि उत्तरेत मोपा विमानतळ, त्यामुळे मोकळा भाग वाटतो त्याहून कमी आहे.

फेरीबोटीचं पार होणं जेमतेम पाच-दहा मिनिटांचं. तीन पानांचा प्रसंग एका फेरीत होत नाही, पाच-सहा फेऱ्या धरा. तेवढ्यात भरती-ओहोटीने पाणी वरखाली होतं, धक्क्याचा उतार बदलतो, मागचा किनारा वेगळा दिसतो. म्हणून सगळ्यात रुंद शॉट पहिल्या फेरीत आणि चेहऱ्यांचे शॉट नंतर. चोडण-रायबंदरला आता रो-रो बोटी (गाड्या एका टोकाने चढून दुसऱ्याने उतरतात अशा) आल्यात. जुनी बोट हवी असेल तर दिवाडीचा धक्का बघा, किंवा पेडण्याच्या गोष्टीत शोभेल असा कामुर्ली-तुयें. गर्दीही कमी.

पर्र्याचा माडांचा रस्ता कृपया नको. तो पाहून प्रेक्षकाला भावंडं नाही, पर्यटक आठवतात.

प्रश्न (मडगाव): १५ दिवसांत होईल का?

संहिता ९० पानांवर आणलीत तर होईल, पण दिवस सारखे वाटू नका. घरात किंवा उभ्या गाडीत दिवसाला सहा-सात पानं निघतात, चालत्या गाडीत दोन, फेरीबोटीवर तीन. चालत्या गाडीचे दिवस आधी ठेवा, काही बिघडलं तर पुढे जागा राहते. डिसेंबरचा शेवट आणि कार्निव्हल-शिगम्याचे दिवस टाळा, महामार्ग तुंबलेला असतो. पावसाळा हवाच असेल तर चोर्ल्याचं धुकं फुकट मिळतं, मात्र ते दहा मिनिटांत येतं आणि जातं. त्यात दोन टेक जुळत नाहीत.

सगळ्यात फसवणारी गोष्ट धूळ. उसगाव-सावर्डेच्या पट्ट्यातून गेलेली गाडी लाल होते आणि गोष्टीत ती हळूहळू लाल होत गेली पाहिजे. चित्रीकरण उलटसुलट क्रमाने होतं, म्हणून गाडीच्या चार अवस्था ठरवा, प्रत्येकीचे चारही बाजूंनी फोटो काढा, आणि जांभ्याची बारीक माती डबाभर जवळ बाळगा. पत्र्यावर पाणी शिंपडून ती मलमलीतून वर चाळली की बसते. पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा चौकटीत येत असेल तर त्याचीही नोंद. आणि गाडी भाड्याची घेतलीत तर नंबरप्लेट काळ्यावर पिवळी असते. गोष्टीत ती वडिलांची गाडी असेल तर पडद्यावर पांढरी प्लेट हवी, आणि ती ओळखीच्याची गाडी घेऊनच मिळवा. खोटी प्लेट लावून रस्त्यावर उतरू नका.

प्रश्न (वास्को): सिनेमा तयार आहे, ८८ मिनिटांचा. पुढे काय?

महोत्सवांना पाठवायचा तर इंग्रजी सबटायटल आधी नीट करा. तिघं एकदम बोलतात तिथे सगळं लिहू नका, प्रसंग पुढे नेणारं वाक्य तेवढं. एका वेळी दोन ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं. इफ्फीच्या, म्हणजे गोव्यात भरणाऱ्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या इंडियन पॅनोरमात कथाचित्र ७० मिनिटांहून मोठं लागतं, ते तुमचं आहे. नोव्हेंबरात इफ्फीच्या जोडीला राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा (एनएफडीसी) फिल्म बाजार भरतो, आता त्याचं नाव वेव्हज फिल्म बाजार. विकत घेणारे आणि महोत्सवांचे निवडकर्ते तिथे भेटतात, तेव्हा दोन मिनिटांचा ट्रेलर आणि एका पानाचं टिपण बरोबर ठेवा. राज्याच्या आर्थिक साहाय्याच्या योजनेबद्दल ईएसजीत विचारा.

थिएटरसाठी डीसीपी, म्हणजे तिथल्या डिजिटल प्रोजेक्टरवर चालणारी फाईल: २के फ्लॅट, म्हणजे १९९८ गुणिले १०८०, सेकंदाला २४ चौकटी, ५.१ आवाज. सेकंदाला कमाल २५० मेगाबिटच्या दराने ८८ मिनिटांची फाईल १६५ जीबीच्या आसपास जाते, तेव्हा ५०० जीबीची डिस्क पुरे. खऱ्या थिएटरात एकदा लावून बघा. गाडीतले अंधारे प्रसंग लॅपटॉपवर दिसतात तसे पडद्यावर दिसत नाहीत.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए चे ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन गट झालेत आणि प्रमाणपत्राला आता दहा वर्षांची मुदत नाही. कुणी सिगरेट ओढत असेल तर इशारे लावावे लागतात. एक गोष्ट बरेच जण विसरतात: गोष्टीत रस्त्यात गुरं आडवी येतात आणि ती तुम्ही आणून उभी केलेली आहेत, तर प्राणी कल्याण मंडळाचं ना-हरकत लागतं. त्याचा अर्ज चित्रीकरणाआधी करायचा असतो, नंतर नाही. तो केला नसेल तर पाठवण्याआधी तो प्रसंग कापून सिनेमा कसा दिसतो, ते एकदा बघून घ्या.